नियतकालिके आणि आपण वर्गणीदार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या आनंदाच्या प्रसंगी ऱ्हासाचा विषय घेऊन उभे राहणे फारसे औचित्याचे नाही, याची आम्हांला जाणीव आहे. तरीही छापील वृत्तपत्रे आणि मासिके यांना लागलेल्या ओहोटीवर बोलण्याचे आम्ही मान्य केले, याला एक निमित्त घडले. मंडळाच्या वाचनालयात जुन्या नियतकालिकांच्या बांधीव खंडांनी तीन कपाटे अडवली आहेत. ती रिकामी करून तेथे मुलांसाठी संगणक बसवावेत, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आलेली आहे. सूचना करणारे आमचे स्नेही आहेत आणि त्यांचा हेतू चांगला आहे. तीन कपाटांचा प्रश्न तसा लहान. परंतु त्याच्या आड एक मोठा प्रश्न उभा आहे. तो आपणांपुढे मांडावा, एवढाच आजच्या भाषणाचा उद्देश.

प्रारंभी आपण ज्या भूमीवर राहतो तिचे ऋण मान्य केले पाहिजे. मराठी मुद्रणाचा उगम मुंबईपुण्यात झाला, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले ते येथून जवळच, हुगळीकाठच्या श्रीरामपुरात. त्याच श्रीरामपुरातून १८१८ साली 'दिग्दर्शन' हे बंगाली मासिक आणि 'समाचार दर्पण' हे साप्ताहिक निघाले. पुढे ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत मराठीतले पहिले वृत्तपत्र काढले, त्याचे नाव 'दर्पण'. आणि १८४० साली मासिक सुरू केले, त्याचे नाव 'दिग्दर्शन'. पुढच्या काळात सखाराम गणेश देऊस्करांसारखा मराठी माणूस याच शहरात 'हितवादी' या बंगाली पत्राचा संपादक झाला आणि १९०४ साली त्याने 'देशेर कथा' हा ग्रंथ बंगालीत लिहिला. बाबूराव विष्णू पराडकर यांनीही हिंदी पत्रकारितेचे पहिले धडे येथेच गिरवले व पुढे काशीच्या 'आज'मध्ये नाव मिळवले. घरापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसाचे छापील कागदाशी असलेले नाते असे जुने आहे.

आम्ही बदलीवर या शहरी प्रथम आलो तेव्हा, म्हणजे गेल्या शतकाच्या अखेरीस, मुंबईचे दैनिक मंडळाच्या वाचनालयात तिसऱ्या दिवशी पोहोचत असे. तोवर त्यातील बातम्या शिळ्या झालेल्या असत. क्रिकेटच्या सामन्याचा निकाल रेडिओने आधीच सांगितलेला असे. तरीही त्या टेबलाभोवती संध्याकाळी सात-आठ माणसे बसत. एकजण अग्रलेख वाची, दुसरा मधले पान ओढून घेई, आणि ज्याच्या हाती काहीच लागले नाही तो इतरांकडून मजकूर ऐकून त्यावर मत देई. कोणाच्या गावी पाऊस झाला, कोणाच्या शाळेचे शिक्षक वारले, हे त्या तीन दिवसांच्या शिळ्या पानांतूनच कळे. ताज्या बातमीसाठी तेथे कोणी येत नव्हते. आठ जणांना एकच प्रत वाचायला मिळे, आणि त्या एका प्रतीमुळे आठ जण एकत्र येत, हेच त्या वाचनालयाचे खरे भांडवल होते.

आज पहाटे पाच वाजता हातातल्या फोनवर मुंबई, पुणे, नागपूर, बेळगाव, पणजी येथील वृत्तपत्रे उघडता येतात. ज्यांची दृष्टी मंदावली आहे त्यांना अक्षर हवे तेवढे मोठे करून घेता येते. आपल्यासारख्या दूरस्थांवर या यंत्राचे उपकार आहेत, आणि ते नाकारणे हा कृतघ्नपणा होईल. जुन्या काळाचे गोडवे गाऊन नव्याला दूषण देण्यासाठी आम्ही येथे उभे नाही.

शिवाय इतिहासही आपल्याला तसे करू देत नाही. खुद्द 'दर्पण' अवघी साडेआठ वर्षे चालले. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ साली निघाला आणि १९३७ साली बंद पडला. का. र. मित्र यांचे 'मनोरंजन' १८९५ ते १९३५ असे चाळीस वर्षे चालले. १९६९ साली तरुण लेखकांनी 'सत्यकथे'ची जाहीर होळी केली. एखाद्या मासिकाचा इतका राग यावा, याचा अर्थ ते मासिक लोकांच्या जीवनात किती खोल गेलेले असले पाहिजे! तीच 'सत्यकथा' १९८२ साली थांबली. श्री. ग. माजगावकरांचा 'माणूस' १९८६ साली थांबला. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट भारतात आले ते १९९५ च्या ऑगस्टमध्ये. तेव्हा नियतकालिकांच्या मृत्यूचा सगळा दोष पडद्याच्या माथी मारता येणार नाही. जे वाचतात ते विकत घेत नाहीत, आणि जे विकत घेतात ते पुरेसे नाहीत, हे दुखणे पडद्याच्या आधीचेच आहे.

मग पडद्याने काय केले? त्याने दैनिकांचा आधार काढून घेतला. वृत्तपत्राच्या अंकाची किंमत आपण जी देतो तीत कागद, छपाई आणि वाटप यांचा खर्च भागत नाही. ही तूट जाहिराती भरून काढतात. घरे, नोकऱ्या, वधूवर, जुन्या वस्तू यांच्या छोट्या जाहिरातींची पाने हा पुष्कळ पत्रांचा हुकमी आधार होता. त्या जाहिराती संस्थळांवर गेल्या. मोठ्या जाहिरातींचाही बराच भाग त्यांच्या मागोमाग गेला. त्यात २०२० साली महामारी आली. कागदावरून रोग येतो या भीतीने अनेक घरांनी वृत्तपत्र बंद केले; त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने घरोघरच्या वाटपावरही काही काळ निर्बंध घातले. भीती गेली, पण सुटलेली सवय पुष्कळ घरांत परत आली नाही. २०२२ साली रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर वृत्तपत्री कागद आणखी महागला. हिंदीतील 'कादम्बिनी' आणि 'नंदन' ही मासिके २०२० साली बंद झाली. १७०३ पासून चालत आलेल्या व्हिएन्नाच्या 'वीनर त्साइटुंग'ने २०२३ च्या जूनअखेर आपला दैनिक छापील अंक थांबवला. तीनशे वीस वर्षांच्या पत्राची ही गत, तेथे इतरांचे काय सांगावे?

येथवर आम्ही दुसऱ्यांविषयी बोललो. आता स्वतःविषयी बोलणे भाग आहे. एका मराठी साप्ताहिकाचे आम्ही अनेक वर्षे वर्गणीदार होतो. आमच्या बदल्या झाल्या तसा वेष्टनावरचा पत्ता बदलत गेला. पण अंक चुकला नाही. कधी आम्ही नव्या गावी सामान उतरवण्यापूर्वीच अंक येऊन पडलेला असे. पुढे त्यातील मजकूर फोनवर फुकट वाचायला मिळू लागला. वर्गणी संपल्याची चिठ्ठी अंकासोबत आली. आम्ही ती टेबलाच्या खणात ठेवली. दुसरी आली, तीही तेथेच गेली. तिसऱ्या चिठ्ठीवर कोणीतरी शाईने लिहिले होते, "आपण जुने वर्गणीदार आहात, कृपया लक्ष घालावे." आम्ही लक्ष घातले नाही. काही वर्षांनी ते साप्ताहिक बंद झाल्याचे वाचले तेव्हा आम्हांला वाईट वाटले, चार लोकांत आम्ही हळहळही व्यक्त केली. परंतु ती चिठ्ठी खणातच होती. वर्षाला काही शे रुपयांचा तो प्रश्न होता, आणि ते आमच्याजवळ नव्हते असे आम्ही म्हणू शकत नाही.

एकटा वर्गणीदार असा सहज गळतो, कारण त्याला विचारणारे कोणी नसते. याच्या उलट उदाहरण दिवाळी अंकांचे आहे. १९०९ साली 'मनोरंजना'ने पहिला दिवाळी अंक काढला. ते मासिक गेले, त्याच्या नंतरची कित्येक गेली. पण दिवाळी अंक आजही शेकड्यांनी निघतात. असे का व्हावे? याचे एक कारण आपल्या मंडळातच दिसते. दरवर्षी सभासद थोडे थोडे पैसे जमा करतात, त्यांतून वीस-पंचवीस अंक येतात आणि ते घराघरांतून फिरत राहतात. शेवटच्या घरी अंक पोहोचतो तेव्हा शिमगा उलटलेला असतो, मुखपृष्ठ निघालेले असते आणि शब्दकोडे कोणीतरी पेनाने सोडवलेले असते. तरीही योजना मोडत नाही. कारण पैसे न देणाऱ्याला शेजारी विचारतो आणि अंक अडवून ठेवणाऱ्याला वहिनी फोन करतात. आमचे म्हणणे एवढेच आहे : वाचणे एकट्याचे असते, पण नियतकालिक जगवणे हे एकट्याचे काम नव्हे. जेथे चारजणांनी मिळून वर्गणी भरली तेथे ते तगले.

आणखी एक गोष्ट विशेषेकरून आयाबहिणींपुढे ठेवावीशी वाटते. फोनवर वडील काय वाचतात हे मुलाला दिसत नाही. ते अग्रलेख वाचत आहेत की पत्ते खेळत आहेत, हे त्याला कळत नाही. टेबलावर पडलेला अंक मात्र सर्वांना दिसतो. आमच्या पिढीतील कितीतरी मुले बाहेर बंगाली, शाळेत इंग्रजी आणि मैदानात हिंदी बोलत वाढली. त्यांना मराठी वाचनाची गोडी लागली ती कोणी शिकवले म्हणून नव्हे, तर घरात 'चांदोबा' पडलेला असे म्हणून. हा 'चांदोबा'देखील महाराष्ट्रात छापला जात नव्हता. १९४७ साली तेलुगू आणि तमिळ भाषांत निघालेल्या 'चंदामामा'चे ते मराठी भावंड, १९५२ पासून मद्रासहून येणारे. २०१३ साली ते सारे कुटुंबच थांबले. त्याच्या जागी मुलाच्या नजरेस सहज पडेल असे काय आपण टेबलावर ठेवले आहे, याचे उत्तर प्रत्येक घराने आपापल्यापुरते द्यावे.

आता त्या तीन कपाटांकडे वळू. छापलेल्या अंकाला संरक्षण असते, असे आपण धरून चालतो. १९५४ च्या कायद्याने प्रकाशित ग्रंथाची एक प्रत ठराविक सार्वजनिक ग्रंथालयांत देणे बंधनकारक झाले, आणि १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रे व नियतकालिके त्यात आली. त्यांपैकी एक ग्रंथालय, म्हणजे अलिपूरचे राष्ट्रीय ग्रंथालय, आपल्याच शहरात आहे. परंतु कायदा झाला म्हणून प्रत्येक छोट्या मासिकाचा प्रत्येक अंक तेथे पोहोचला असेलच, असे नाही. एखादे अल्पायुषी त्रैमासिक, एखाद्या मंडळाचा वार्षिक अंक, यांची उरलेली प्रत कोणाच्या तरी माळ्यावरच असते. पडद्यावरील मजकुराची स्थिती तर याहून नाजूक आहे. संस्थळ चालवणाऱ्याने भाडे भरले नाही की वीस वर्षांचा मजकूर एका रात्रीत नाहीसा होतो, आणि त्याची रद्दीसुद्धा उरत नाही. भोपाळमध्ये १९८४ पासून जुन्या पत्रांचे एक मोठे संग्रहालय उभे आहे. त्याला नाव दिले आहे माधवराव सप्रे यांचे, म्हणजे पेंड्रासारख्या आडगावातून १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' काढणाऱ्या मराठी माणसाचे. हिंदी भाषिकांनी एका मराठी संपादकाच्या नावाने जुने कागद जपावेत आणि आपण आपले रद्दीत घालावेत, हे शोभणारे नाही.

म्हणून तीन विनंत्या करून आम्ही संपवतो. पहिली, कपाटे रिकामी करण्यापूर्वी त्यांतील अंकांची यादी करावी. शं. ग. दाते यांनी 'मराठी ग्रंथसूची'साठी आयुष्य वेचले. आपल्याला तीन कपाटांसाठी काही रविवार पुरतील. यादी राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मराठी विभागास दाखवावी, त्यांच्याकडे नसलेले अंक त्यांनी स्वीकारल्यास त्यांस द्यावेत, आणि उरलेल्यांची छायाचित्रे याच नव्या संगणकांवर उतरवून घ्यावीत. मुलांनाच ते काम द्यावे. म्हणजे सूचनाकर्त्यांचे संगणकही येतील आणि त्यांना पहिले कामही मिळेल. दुसरी, मंडळाने आज चालू असलेल्या पाच मराठी नियतकालिकांची वर्गणी सामुदायिकरीत्या भरावी. १५ ऑगस्ट १९४८ रोजी साने गुरुजींनी सुरू केलेली 'साधना' अजून निघते आहे, हे लक्षात असू द्यावे. तिसरी, ज्यांना पडद्यावरच वाचणे सोयीचे वाटते त्यांनी खुशाल तेथे वाचावे, पण जेथे वर्गणी मागितली असेल तेथे ती भरावी. कागद गेला तरी हरकत नाही. लिहिणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे पोट जाऊ नये.

बंधुभगिनींनो, आपले मंडळ पन्नास वर्षे टिकले ते कशाच्या बळावर? सरकारी अनुदानाच्या नव्हे, कोण्या धनिकाच्या देणगीच्याही नव्हे. दरवर्षी कोणीतरी जिना चढून दारात उभा राहिला, "या वर्षीची वर्गणी राहिली आहे" म्हणाला, आणि आपण ती दिली. मासिक आणि मंडळ ही एकाच जातीची रोपटी आहेत. दोघांनाही पाणी एकाच विहिरीचे लागते. ज्या दिवशी एकाची वर्गणी आपल्याला निरर्थक वाटू लागेल, त्या दिवशी दुसरीचीही वाटू लागेल, अशी आम्हांला भीती वाटते.

आमच्या खणातील त्या तीन चिठ्ठ्या आम्ही अजून टाकलेल्या नाहीत. त्यांचे उत्तर पाठवायला आता पत्ता उरला नाही. मात्र मंडळाने आजपासून वर्गणीची यादी सुरू केली, तर तिच्यात पहिले नाव आमचे लिहावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.