बाहेरचा पंखा थांबत कां नाहीं ?

सातारा जिल्ह्यांतील पाटण हें तालुक्याचें गांव कोयना आणि केरा या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलें आहे. कऱ्हाडाहून चिपळुणाकडे जाणारा रस्ता या गांवावरून कोयनानगरला जातो आणि पुढें कुंभार्ली घाट उतरून कोंकणांत शिरतो. या तालुक्यांत, वनकुसवड्याच्या सड्यावर, पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. तेथें वारा पातीं फिरवितो आणि त्या फिरण्यांतून वीज निघते. त्याच तालुक्यांतील एखाद्या घराच्या मागील भिंतीवर मात्र नेमका उलटा व्यवहार चाललेला असतो : तेथें वीज पातीं फिरविते आणि त्या फिरण्यांतून वारा निघतो. सड्यावरचा पंखा अखंड फिरला तर सर्वांना समाधान वाटतें. भिंतीवरचा अखंड फिरूं लागला तर घरांतील कर्त्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. खोली गार झाली, तरी एसीचा बाहेरचा पंखा अजून कां फिरतो ? यंत्र बिघडलें, कीं बसविणाऱ्यानें फसविलें ? नदीकांठच्या खोऱ्यांतील उन्हाळा आणि सिमेंटच्या तापलेल्या स्लॅबचीं घरें यांमुळें हा प्रश्न आतां केवळ मुंबई-पुण्याचा राहिलेला नाहीं. तालुक्याच्या गांवींही तो घरोघर विचारला जातो. त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येत नाहीं; कारण हा पंखा तीन अगदी निरनिराळ्या कारणांनीं फिरत राहतो. पहिलें कारण निर्दोष असतें, दुसऱ्यांत दोष असतो पण तो यंत्राचा नसतो, आणि तिसरें कारण मात्र खरोखर धोक्याचें असतें.

मुळांत हें यंत्र करतें काय, तें प्रथम पाहिलें पाहिजे. एसी थंडी निर्माण करतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु थंडी नांवाचा पदार्थ निर्माण करतां येत नाहीं. उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागीं नेतां मात्र येते. विहिरीवरील रहाटगाडगें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना ही क्रिया चटकन उमजेल. रहाटाचीं रिकामीं गाडगीं खालीं जातात, पाण्यांत भरतात, वर येतात, पन्हळींत रितीं होतात आणि पुन्हां खालीं जातात. एसीच्या तांब्याच्या नळींतून खेळणारा वायू म्हणजे अशीच गाडग्यांची माळ होय. घरांतील भागांत तो द्रवरूपानें येतो आणि तेथें त्याची वाफ होते. माठाच्या पृष्ठभागावरील पाण्याची वाफ होतांना जशी माठांतील पाण्याची उष्णता घेतली जाते, तशी येथें खोलींतील हवेची उष्णता घेतली जाते. ही भरलेली गाडगीं मग बाहेरच्या पेटींत येतात. तेथें कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो. दाबला गेलेला वायू बाहेरच्या कडक उन्हाहूनही अधिक तप्त होतो आणि म्हणूनच आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊं शकतो. उष्णता देऊन तो पुन्हां द्रव बनतो आणि घरांत परततो.

या सर्व व्यवहारांत बाहेरच्या पंख्याचें काम पाटकऱ्याचें आहे. रहाटानें वर आणलेलें पाणी पाटांतून पुढें वाहून गेलें नाहीं, तर तें तुंबून विहिरींतच परत पडेल. त्याचप्रमाणें बाहेरच्या जाळींतील उष्णता पंख्यानें हालवून दूर केली नाहीं, तर वायू थंड होणार नाहीं, नळींतील दाब वाढेल आणि कॉम्प्रेसर तापून बंद पडेल. हा पाट किती भरून वाहतो, त्याचाही हिशोब मांडतां येतो. बाजारांत ज्याला एक टनाचा एसी म्हणतात, त्यांतील टन हें यंत्राचें वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळतांना जितकी उष्णता शोषून घेईल, तितकी उष्णता उपसण्याची ती शक्ति होय. बर्फ विकत घेऊन थंडावा मिळविण्याच्या काळांतलें हें माप अजून टिकून आहे. आजच्या भाषेंत ती शक्ति सुमारें ३.५ किलोवॅट होते. त्यांत यंत्र चालविण्यासाठीं खर्च झालेल्या विजेची सुमारें एक किलोवॅट उष्णता मिळविली, म्हणजे साडेचार किलोवॅटांच्या आसपास उष्णता त्या एवढ्याशा पंख्याला सतत बाहेर ढकलावी लागते.

एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे पहिलें, निर्दोष कारण आपोआप स्पष्ट होतें. कॉम्प्रेसर चालू आहे तोंपर्यंत पंखा चालू असलाच पाहिजे. जुन्या पद्धतीच्या एसीमध्यें खोली ठरलेल्या अंशापर्यंत गार झाली कीं कॉम्प्रेसर पूर्ण थांबे, खोली तापली कीं पूर्ण वेगानें सुरू होई. त्यामुळें पंखाही थांबत-चालत असे, आणि लोकांच्या कानांना त्या विश्रांतीची संवय झाली. अलीकडच्या इन्व्हर्टर पद्धतीच्या यंत्रांत ही रीत बदलली आहे. त्यांतील कॉम्प्रेसर एकदम थांबत नाहीं. खोली गार होत आली कीं तो आपला वेग कमी करतो आणि मंद गतीनें चालत राहतो. त्याच्याबरोबर पंखाही मंद गतीनें फिरत राहतो. बैलगाडी दर दहा पावलांवर थांबवून पुन्हां ओढायला लावली, तर बैल अधिक दमतात. संथ चालीनें चालूं दिली तर कमी दमतात. इन्व्हर्टर यंत्राचा काटकसरीपणा याच तत्त्वावर उभा आहे. तेव्हां अशा यंत्राचा पंखा फिरतांना दिसला म्हणून वीज वाया जात आहे, असें समजण्याचें कारण नाहीं. शिवाय कित्येक बनावटींत कॉम्प्रेसर थांबल्यावरही, जाळींत साठलेली उष्णता काढून टाकण्यासाठीं, पंखा थोडा वेळ फिरत ठेवलेला असतो. तोही दोष नव्हे.

दुसरें कारण असें कीं यंत्र धडधाकट असतें, परंतु त्याच्यावर न संपणारें ओझें घातलेलें असतें. बाहेर ३८ अंश असतांना आकडा १६ किंवा १८ वर आणून ठेवला, कीं खोली लवकर गार होते, असा अनेकांचा ग्रह आहे. वस्तुतः जुन्या पद्धतीचें यंत्र १६ वर ठेवलें काय आणि २४ वर ठेवलें काय, सारख्याच जोरानें चालतें. फरक इतकाच कीं १६ अंशांचा मुक्काम कधीं येतच नाहीं, आणि म्हणून तें थांबतही नाहीं. इन्व्हर्टर यंत्र अशा आकड्यापायीं आपला वेग कधीं कमीच करीत नाहीं. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी या केंद्रीय संस्थेच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून भारतांत खोलीसाठींचे एसी, सुरू करतांच २४ अंशांवर येतील, असे बनविले जातात. आकडा एका अंशानें वर नेल्यास सुमारें सहा टक्के वीज वांचते, असा या संस्थेचा अंदाज आहे. चोवीस-पंचवीस अंश आणि छताचा साधा पंखा मंद, एवढ्यावर बहुतेकांना सुखाची झोंप लागते.

ओझें वाढविणाऱ्या आणखीही गोष्टी आहेत. दाराखालची फट, उघडें राहिलेलें स्वयंपाकघराचें दार, पश्चिमेच्या खिडकींतून येणारें ऊन, आणि घरांतील भागाच्या गाळणीवर महिनोन्‌महिने साचलेली धूळ. पाटणसारख्या ठिकाणीं पावसाळ्याचा निराळा विचार करावा लागतो. कोयनानगरला वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. साऱ्या खोऱ्याची हवा चार महिने ओलसर असते. ओली हवा गार करतांना यंत्राला हवेबरोबर तिच्यांतील वाफेचीही उष्णता उपसावी लागते. या यंत्राचा जन्मच मुळीं दमटपणाशीं झालेल्या झगड्यांतून आहे. १९०२ सालीं विलिस कॅरिअर या तरुण अमेरिकन इंजिनिअरनें ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठीं पहिली योजना आंखली, ती माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे, तर हवेंतील ओलाव्यानें छपाईचा कागद लहान-मोठा होऊं नये म्हणून.

पावसाच्या मुलखांत आणखी एक चूक हटकून घडते. शेतकऱ्यानें डोक्यावर इरलें घ्यावें, तसें बाहेरच्या पेटीलाही लोक इरलें घालतात. पत्र्याची पेटी करतात, ताडपत्री गुंडाळतात, आणि उन्हाळ्यांत ती सोडावयाची विसरतात. ही पेटी पावसांत उभी राहण्यासाठींच बनविलेली असते. तिला हवी असते ती मोकळी हवा. वर छोटेंसें छप्पर चालेल, पण चारी बाजू बंद केल्या तर पंख्यानें फेंकलेली गरम हवा त्याच्याच पाठीमागून पुन्हां आंत ओढली जाते. पाटकरी पाणी पुढें लोटतो आहे आणि पाट फिरून विहिरीलाच मिळतो आहे, अशी ती स्थिति होते. जाळींत अडकलेला पाचोळा, शेवाळ आणि धूळ यांचाही परिणाम हाच. अरुंद बोळांत समोरासमोर दोन पेट्या बसविल्या, तर शेजाऱ्याची उष्णता आपल्या पेटींत आणि आपली त्याच्या पेटींत जाते, आणि दोन्ही घरांचे पंखे एकमेकांमुळें फिरत राहतात. वायू गळून कमी झाला असेल, तरीही खोली गार न होतां यंत्र सतत चालूं राहतें. मात्र तेथें नुसता वायू भरून भागत नाहीं, गळती शोधून बुजवावी लागते.

आतां तिसरें कारण. खोलींतील यंत्र बंद केलें आहे, दहा मिनिटें उलटलीं आहेत, आणि तरीही बाहेरचा पंखा फिरतोच आहे. हें मात्र सरळसरळ बिघाडाचें चिन्ह समजावें. बाहेरच्या भागाला वीज सोडणें व तोडणें हें काम रिले किंवा काँटॅक्टर नांवाचा विजेवर चालणारा खटका करतो. त्यांतील धातूच्या दोन टिकल्या जुळल्या कीं प्रवाह सुरू होतो आणि अलग झाल्या कीं थांबतो. डोंगरी भागांत विजेचा दाब पुष्कळदां उतरतो. दाब अपुरा असला म्हणजे खटका नीट धरत नाहीं. तो थरथरतो, टिकल्यांमध्यें ठिणग्या उडतात आणि शेवटीं त्या वितळून एकमेकींना चिकटतात. मग आज्ञा बंदीची असली तरी प्रवाह चालूच राहतो. मुंग्या आंत शिरल्यानें, उंदरांनीं तारा कुरतडल्यानें किंवा ओलाव्यानें नियंत्रणाची पट्टी खराब झाल्यानेंही असेंच घडतें. अशा वेळीं पंख्याबरोबर कॉम्प्रेसरही चालूं राहिला, तर घरांतील जाळीवर बर्फ सांचतें, आणि कॉम्प्रेसर कायमचा निकामी होण्याची भीति असते.

याच्या उलट प्रकारही आढळतो : पंखा फिरतो, पण खोली गार होत नाहीं. यंत्र चालूं असतां बाहेरच्या पंख्यासमोर हातभर अंतरावर तळहात धरून पाहावा. हवा स्पष्ट कोमट लागली तर उष्णता बाहेर पडत आहे. हवा बाहेरच्या हवेइतकीच लागली, तर कॉम्प्रेसर बंद असून पंखा एकटाच फिरत असण्याचा संभव अधिक. रहाट मोडलेला आणि पाटकरी कोरड्या पाटावर फावडें मारीत उभा, असा तो देखावा होय.

बिघाडाची शंका येतांच त्या यंत्राचा एमसीबी पाडावा आणि जाणत्या मेकॅनिकला बोलवावें. पंखा काठीनें अडविणें किंवा पेटीचे स्क्रू घरींच खोलणें हें अविचाराचें आहे. आंतील कपॅसिटर वीज बंद केल्यानंतरही कांहीं काळ भारलेला असतो, आणि त्याचा झटका जीवघेणा ठरूं शकतो. यंत्र पुन्हां सुरू करतांनाही तीन-चार मिनिटें जाऊं द्यावीं, म्हणजे नळ्यांतील दाब समान होतो.

एवढी दक्षता कशासाठीं, असें कोणी विचारील. एकटा पंखा फार तर ५० वॉटांचा. परंतु खटका चिकटल्यामुळें तो चोवीस तास फिरला, तर दिवसाला १.२ आणि महिन्याला ३६ युनिटें वीज विनाकारण जाते. कोयनेची वीजनिर्मिती १९६२ सालीं सुरू झाली. आज तिची एकूण क्षमता १९६० मेगावॅट आहे. तिच्या मुख्य टप्प्यांत शिवाजीसागराचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेकडे साडेचारशे मीटरांहून अधिक खालीं पाडलें जातें. तेवढ्या उंचीवरून एक हजार लिटर पाणी पडलें, म्हणजे सुमारें एक युनिट वीज मिळते. प्रत्येक घरांतील वीज कोयनेचीच असते, असें नाहीं. पण हिशोबासाठीं तिचें माप घेतलें, तर त्या चिकटलेल्या खटक्यापायीं महिन्याला ३६ हजार लिटर पाणी घाट उतरून जातें, आणि दीड टनाचा एसी पूर्ण जोरानें चालतो तेव्हां तासाला सुमारें दीड हजार लिटर. त्या जलाशयाखालीं पाटण आणि जावळी तालुक्यांतील कित्येक गांवें गेलीं. तेथील कुटुंबांना देवघरासह घरें सोडून दूरच्या जिल्ह्यांत नवे संसार मांडावे लागले. पाटणच्या माणसाला विजेची किंमत बिलाच्या आंकड्यावरून सांगावी लागत नाहीं.

म्हणून उन्हाळ्याच्या प्रारंभीं प्रत्येक घरानें एक सकाळ या कामाला द्यावी. गाळणी धुवावी, बाहेरच्या पेटीभोंवतालची ताडपत्री सोडावी, जाळींतील पाचोळा काढवून घ्यावा, आणि आकडा २४ च्या खालीं न नेण्याचें घरांतील मुलांना नीट समजावून सांगावें. रात्रीं यंत्र बंद केल्यावर दहा मिनिटांनीं मागील दार उघडून एकदां कानोसा घ्यावा. पंखा शांत असेल तर निश्चिंतपणें झोंपावें. फिरत असेल तर एमसीबी पाडून, सकाळीं मेकॅनिकला निरोप धाडावा.