दिव्याचा हिशेब

मालकाच्या पगारपत्रकातली पैन् पै आम्ही तपासली, घरच्या वीजबिलाकडे मात्र कधी पाहिले नाही. ६० वॅटचा जुना बल्ब रोज ५ तास जळला, तर महिन्याला ९ युनिट खातो. जवळपास तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दीड युनिटही खात नाही. जुन्या बल्बात बहुतेक वीज उष्णतेतच जाते. म्हणजे आम्ही उकाड्याचे पैसे भरीत होतो! स्थिर आकार तेवढाच राहतो, तेव्हा बिल एकदम निम्मे होईल या भ्रमात कोणी राहू नये. पण महावितरणच्या घरगुती दरात १०० च्या पुढचे युनिट महाग, आणि ज्याचा वापर १०० च्या वर जातो त्याचे प्रथम वाचते ते हेच. आमच्या मंडळींनी हे आमच्याआधी ओळखले. स्वयंपाकघरातला दिवा त्यांनी केव्हाच बदलला. आमच्या लिहिण्याच्या मेजावरचा गेल्या वर्षी बदलला, तोही त्यांनीच.