मुखेडचा शोधनिबंध आणि सायटेशनचा हिशेब



2005 साली ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’ या नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. विषय होता ग्रामीण महाराष्ट्रातल्या सर्पदंशाचे उपचार आणि त्यांचा दहा वर्षांचा अनुभव. लेखक डॉ. दिलीप पुंडे, मुक्काम मुखेड, जिल्हा नांदेड. पाठीशी विद्यापीठ नाही, मेडिकल कॉलेज नाही. तालुक्याच्या गावचा दवाखाना आणि रात्री-अपरात्री पान लागून आलेली माणसं, एवढंच भांडवल.

आता एखाद्या संशोधकाचं मोठेपण मोजायचं झालं, तर हल्ली दोन गोष्टी विचारतात. निबंध किती, आणि त्यांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला? या उल्लेखाला सायटेशन म्हणतात. 2005 सालीच, योगायोग बघा, कॅलिफोर्नियातल्या होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने यावरून एक आकडा काढला. तो एच-इंडेक्स. तुमच्या दहा निबंधांचा प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेख झाला असेल तर तुमचा आकडा दहा. शंभर निबंध लिहिले आणि कुणी वाचले नाहीत, तर शून्य. आकडा तसा खोटा नाही. पण तो भौतिकशास्त्राच्या माणसाने काढला आणि आता तो सरसकट सगळ्यांना लावला जातो.

कर्करोगावर काम करणारे जगात हजारो. एकाने लिहिलं की उल्लेख करायला शेकडो तयार. विंचवावर लिहिणारे कितीसे असणार?

आपल्या मराठवाड्याचंच उदाहरण घ्या. भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचू चावलेले रुग्ण यायचे. घामाने चिंब, हातपाय गार, उलट्या. काही तासांत फुप्फुसात पाणी साचायचं, तोंडाला फेस यायचा आणि माणूस जायचा. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून ही लक्षणं कोणत्या क्रमाने येतात ते टिपलं. 1982 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये आलं. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी इथे कशी लागू पडते, हे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच मांडलं. पूर्वी गंभीर दंश झालेल्या शंभरातले तीस-चाळीस दगावत. प्राझोसिन वेळेत मिळू लागल्यावर ते प्रमाण जेमतेम एकावर आलं. पुढे 2011 मध्ये ‘बीएमजे’त याच बावस्कर जोडीचा 70 रुग्णांवरचा अभ्यास आला. नुसत्या प्राझोसिनपेक्षा जोडीला विंचवाची प्रतिलस दिली तर रुग्ण लवकर सुधारतो, असं त्यात दिसलं. महाडमध्ये नावारूपाला आलेली गोळी महाडच्याच दवाखान्यात पुन्हा तपासली गेली, हे मला फार मोलाचं वाटतं. 2022 मध्ये हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. पण त्यांच्या गोळीने वाचलेला शेतकरी कुणाच्या सायटेशनमध्ये धरतात? तो काही निबंध लिहीत नाही.

म्हणून निबंधांची मोजदाद बंदच करा, असं मात्र मी म्हणणार नाही. मुखेडचा अनुभव छापला गेला, म्हणून तो मुखेडबाहेर गेला. आपल्याकडे तीस-तीस वर्षं साप-विंचवाचे रुग्ण पाहिलेले डॉक्टर आहेत. त्यांना जे कळलं ते त्यांच्याबरोबरच जातं. केसपेपर रद्दीत जातात.

उलट बाजूही आहेच. बढतीला निबंध लागतात, म्हणून पैसे घेऊन काहीही छापणारी दुकानं निघाली. 2018 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या यादीतून 4305 नियतकालिकं एका फटक्यात काढून टाकली, यावरूनच काय ते ओळखा.

सर्पदंशाबाबत आपल्या भागातली नोंद मोलाची आहे, त्यालाही कारण आहे. आपल्या प्रतिलशीसाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूत, इरुला लोकांच्या सहकारी संस्थेत काढलं जातं. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रांताप्रांताप्रमाणे बदलतं, असं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. मग उदगीर-अहमदपूरकडच्या घोणसच्या दंशाला प्रतिलशीच्या किती कुप्या लागतात, हे चेन्नईच्या आकड्यांवरून कसं ठरवणार? ते नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या, लातूरच्या आणि मुखेडच्या वॉर्डांतूनच कळायचं.

मण्यारीचं तर आणखी अवघड. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला ती रात्री चावते. सूज नाही, खूण धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या मिटू लागतात, थुंकी गिळता येत नाही. पोटदुखीची गोळी देऊन घरी पाठवलेला माणूस दुपारपर्यंत श्वास बंद पडून जाऊ शकतो. हे ओळखायचं तर कुणीतरी आधी वेळ घालून लिहून ठेवलेलं असावं लागतं. पोट कधी दुखलं, पापण्या कधी मिटल्या, पहिली कुपी कधी दिली.

2011 मध्ये छापलेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात सर्पदंशाने वर्षाला सुमारे 45 हजार 900 माणसं दगावत होती. सरकारी दप्तरात त्यातली फारच थोडी दिसत. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं आहे की सर्पदंशाचा प्रत्येक रुग्ण आणि प्रत्येक मृत्यू, सरकारी असो की खासगी दवाखाना, नोंदवला जावा. मुखेडच्या दवाखान्यात हे काम तशा कुठल्याही पत्राविना दहा वर्षं चाललं होतं.