रक्तात गुन्हा नसतो

(करमाळा येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

या सत्राचा विषय फळ्यावर लिहिलाय, 'द्वेष आणि ओळख'. आणि मी बोलणार आहे एका जपानी कार्टून मालिकेबद्दल. मघाशी चहाच्या वेळी दोघी-तिघींनी विचारलंच, "ताई, कार्टूनचा आणि आपल्या कामाचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. पण ही मालिका मी निवडलेली नाही, आपल्या मुलांनी निवडली आहे. वसतिगृहातली, वस्तीवरची चौदा-पंधरा वर्षांची मुलं-मुली मोबाईलवर तासन्‌तास ती बघतात. 'आपले' कोण, 'ते' कोण, सूड म्हणजे काय, याचं शिक्षण त्यांना तिथून मिळतंय. मग ते काय शिकतात हे आपल्याला ठाऊक असायला हवं. आणि ती बघता बघता मला जे दिसलं, ते जपानमधलं नव्हतं. ते आपल्या सोलापूर जिल्ह्यातलंच होतं.

मालिकेचं नाव 'अटॅक ऑन टायटन'. हाजिमे इसायामा या चित्रकाराने २००९ ते २०२१ या काळात ही चित्रकथा लिहिली. तिच्यावरची मालिका २०१३ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये संपली. गोष्ट थोडक्यात अशी. तीन प्रचंड भिंतींच्या आत माणसं राहतात. बाहेर माणसं खाणारे राक्षस आहेत, त्यांना टायटन म्हणतात. एके दिवशी भिंत फुटते, आणि एरेन नावाच्या पोराच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईला राक्षस खातो. एकूण एक राक्षस मारीन, अशी शपथ तो पोरगा घेतो. इथपर्यंत नेहमीची मारामारीची गोष्ट वाटते.

पण पुढे कळतं की बाहेर सगळं जग शाबूत आहे. आणि ते राक्षस कोण, तर भिंतीतल्या माणसांचेच जातभाई. समुद्रापलीकडच्या मार्ले नावाच्या देशात याच वंशाचे लोक कुंपण घातलेल्या वस्तीत राहतात. त्यांच्या दंडावर पट्टी बांधलेली असते. परवान्याशिवाय वस्तीबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. त्यांच्यातल्या ज्याला शिक्षा करायची, त्याला सुई टोचून राक्षस बनवतात आणि भिंतीकडे सोडून देतात. वस्तीतल्या मुलांना शाळेत शिकवतात की तुमच्या पूर्वजांनी पापं केली, तुमचं रक्त सैतानाचं आहे. एक चिमुरडी आणि तिचा भाऊ आकाशातलं एअरशिप बघायला परवाना नसताना बाहेर जातात. त्या चिमुरडीला शिपाई कुत्र्यांच्या तोंडी देतो. बाप काय करतो? शिपायांपुढे वाकून माफी मागतो.

कुंपण, परवाना, हजेरी, आणि जन्माने गुन्हेगार. मैत्रिणींनो, हे आपल्याकडे घडून गेलेलं आहे, आणि कायद्याने घडलेलं आहे.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा विणकर, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार, हा त्यामागचा विचार. जातीवर समाज चालतो, तर गुन्हाही जातीवर चालत असणार! सरकारने एखादी जमात गुन्हेगार जाहीर केली की तिच्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नव्हती. जमातीच्या लोकांची नावं पोलिसांच्या वहीत चढायची. गाव सोडायचं तर पास लागायचा. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवायची मुभा सरकारला मिळाली. १९११ चा कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. आजही सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता आहे. पोस्टमन त्या पत्त्यावर रोज पत्रं टाकतो. 'फ्री' का म्हणतात, हे मात्र आपल्यापैकी किती जणी सांगू शकतील?

त्याच १८७१ च्या कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांचीही नोंद करायची होती. बाईचा पोशाख करून लोकांत वावरणं हा त्यांच्यासाठी गुन्हा ठरवला होता. कुणी फिरायचं, कुठे राहायचं, काय नेसायचं, हे सगळं सरकार एकाच वहीत लिहून घेत होतं.

देश १९४७ ला स्वतंत्र झाला. हा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. सोलापुरातली तार पंडित नेहरूंच्या हस्ते १९६० मध्ये तोडली गेली, असं तिथली माणसं सांगतात. मात्र त्याआधीच, १९५९ मध्ये, मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला होता. कागदावर जमातीचं नाव गेलं, पण संशय राहिला. चोरी झाली की पोलिसांची गाडी कुठल्या पालावर जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. बारामतीत १९९८ साली पिन्या काळे हा पारधी तरुण पोलीस कोठडीत मेला. त्याच वर्षी महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली. आणि अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये, सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगाच्या वहीतला जातीचा रकाना काढायला सांगावं लागलं. भटक्या-विमुक्तांना मनमानीने अटक होऊ नये, हेही बजावावं लागलं. १८७१ ते २०२४. हिशोब तुम्हीच करा.

म्हणून मला वाटतं, द्वेष म्हणजे नुसता मनातला राग नव्हे. रागाला वही लागत नाही. द्वेषाला वही लागते, शिक्का लागतो, कुंपण लागतं, शाळेत धडा लागतो. मालिकेने हे फार नेमकं दाखवलंय, आणि मुलांना ते कळतं.

पण एका जागी ही मालिका फसवी आहे, आणि मुलांशी बोलताना तिथेच थांबायला हवं. गोष्टीतल्या त्या वंशाच्या माणसांचा खरोखरच राक्षस होऊ शकतो. त्यांच्या रक्तात खरंच काहीतरी आहे. म्हणजे जगाची भीती गोष्टीत तरी अगदीच खोटी नाही. आपल्याकडे काय होतं? पारध्याच्या, कैकाड्याच्या, कंजारभाटाच्या रक्तात काय होतं? काही नव्हतं. जंगलाचे कायदे आले, शिकार बंद झाली. रेल्वे आली, बैलांवरून मीठ-धान्य वाहणाऱ्यांचा धंदा बसला. पोट हातावर आलं आणि वर शिक्का बसला. तेव्हा मुलांना विचारायचं, "त्या मालिकेत रक्त धोक्याचं दाखवलंय. आपल्या गावात कुणाचं रक्त धोक्याचं आहे, असं तुला कुणी सांगितलंय का? ते त्याला कसं कळलं?" हा प्रश्न मी वसतिगृहात विचारला तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, "आमच्याबद्दल सांगतात."

आता बाईकडे येऊ. या मालिकेच्या मुळाशी एक बाई आहे, हे मारामारीच्या गदारोळात पोरांच्या लक्षातच येत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची यमीर नावाची गुलाम मुलगी. तिला अफाट शक्ती मिळते. राजा तिच्याकडून रस्ते, पूल बांधून घेतो, शत्रू चिरडून घेतो आणि वर मुलं जन्माला घालून घेतो. तिला तीन मुली होतात: मारिया, रोझ, सिना. राजावर फेकलेला भाला ती स्वतःच्या अंगावर घेते आणि मरते. मग राजा काय करतो? शक्ती घराण्यात राहावी म्हणून त्या तिघी लेकींना आईचं शरीर खायला लावतो. पुढे भिंतींना नावं पडतात ती याच तिघींची. घराणं तिच्या जिवावर, भिंती तिच्या लेकींच्या नावाच्या, आणि निर्णय सगळे राजाचे. सैतानी रक्त म्हणून ज्याचा बभ्रा होतो ते रक्त तिचं, पण राजाच्या लोभाला कुणी सैतान म्हणत नाही.

हे ऐकताना मला याच तालुक्याची आठवण येते. डॉ. किशोर शांताबाई काळे आपल्या करमाळा तालुक्यातल्या नेर्ल्याचे. त्यांचं 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ मध्ये आलं. नाचणाऱ्या आईच्या कमाईवर घर चालतं, आणि तिच्याच मुलाला बापाचं नाव नाही म्हणून शाळेपासून कॉलेजपर्यंत खाली मान घालावी लागते, हे त्यांनी आतून लिहिलं. ते डॉक्टर झाले. २००७ मध्ये ऐन तारुण्यात गेले. त्यांनी केलेली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. ज्या रकान्यावरून जग हिणवत होतं, त्या रकान्यात त्यांनी आईचं नाव लिहिलं आणि तेच नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलं. त्यासाठी कुणाला मारलं नाही, कुणाचं काही जाळलं नाही. पुढे १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या नावामागे आईचं नाव लावायचं, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला. त्याच्या तीस वर्षं आधी आपल्या तालुक्यातल्या एका मुलाने ते एकट्याने केलं होतं.

मालिकेतल्या एरेनने दुसरी वाट धरली. आईच्या मरणाचं दुःख खरं होतं, त्याच्या लोकांवरचा अन्याय खरा होता. पण शेवटी तो भिंतींमधले हजारो राक्षस मोकळे करतो आणि बाहेरच्या जगातली शंभरातली ऐंशी माणसं चिरडतो. त्याला अडवतात त्याचेच जिवलग, आणि मारते ती त्याच्यावर जीव लावणारी मिकासा. आपली बरीच पोरं त्याला हिरो मानतात. त्यांच्याशी भांडू नका. एवढंच विचारा, की चिरडलेल्यांमध्ये कुंपणातल्या वस्तीतली, त्याच्याच वंशाची लेकरंही होती ना?

याच मालिकेत गॅबी नावाची बारा वर्षांची मुलगी आहे. कुंपणातल्या वस्तीत वाढलेली. आपण 'चांगल्या' आणि बेटावरचे सैतान, हे तिच्या मनात इतकं भिनलंय की ती बंदूक चालवते आणि एका तरुणीला मारते. पुढे नकळत त्याच तरुणीच्या आईबापांकडे आसरा घेते, त्यांच्या हातचं खाते. तिथे एक मुलगी तिला विचारते, माझ्या आईने असं काय केलं होतं म्हणून तिला राक्षसाने खाल्लं? गॅबीकडे उत्तर आहे, पण ते शंभर वर्षांपूर्वीच्या पूर्वजांचं आहे. त्या आईचं नाही. त्या क्षणी तिचं शाळेत शिकलेलं सगळं डळमळतं. जिला हिणवलं गेलं, तीच दुसऱ्याला हिणवून चांगली ठरू पाहते. हे आपल्या वस्त्यांत नाही का? पालावरची एक जमात दुसरीला हलकी म्हणते. आपणही पोराला रागावताना म्हणतो, "काय पारध्यासारखा राहतोस!" 'भामटा' हे एका जमातीचं नाव आहे, आणि आपण ती शिवी करून टाकली आहे.

शिवीपासून काठीपर्यंतचं अंतर फार नसतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजारच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागणारी माणसं. बहुतेक आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली. कारण काय, तर मुलं पळवणारी टोळी आलीय, असा मोबाईलवर फिरणारा निरोप. त्यांच्या घरी बायका राहिल्या, पोरं राहिली. निरोप खोटा होता, पण अनोळखी भटक्यावर संशय घ्यायचा ही सवय १८७१ पासूनची होती. म्हणून तो निरोप लगेच खरा वाटला.

मग आपण गटांनी काय करायचं? मी चार कामं सुचवते.

एक. कागद. विमुक्त-भटक्यांना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. ज्यांना एका जागी राहूच दिलं नाही, त्यांनी तो आणायचा कुठून? पालावरच्या बाईबरोबर तहसील कचेरीत गटातली एक तरी बाई गेली पाहिजे. एकटीला परत पाठवतात, दोघींना बसायला सांगतात.

दोन. पोलिसांनी पालावरून कुणाला नेलं, तर कोणत्या गुन्ह्यात आणि कशाच्या आधारावर, हे लेखी विचारायचं. ते विचारायला घाबरायचं नाही.

तीन. मोबाईलवर 'टोळी आली' असा निरोप आला, तर पुढे पाठवायचा नाही. गटातून तो थांबवायचा आणि पोलीस पाटलांना कळवायचं.

चार. मुलांसोबत बसायचं. मालिका बघू द्यायची, सोबत बघायची आणि विचारायचं, "या भिंती कुणी बांधल्या? आपल्या गावात त्या कुठे आहेत?"

आपल्या गटाच्या हजेरी वहीत कुणाकुणाची नावं आहेत, ते आज घरी गेल्यावर बघा. गावाबाहेरच्या पालावरची एकही बाई त्या वहीत नसेल, तर पुढच्या बैठकीआधी तिच्याकडे जाऊन या. नाव लिहिताना तिला विचारा, मधे काय लिहू? तिला आईचं नाव लावायचं असेल तर आईचं लिहा.