वास्तुकलेच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी संस्था निवडताना

(मंडळाच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात समता कॉलोनी, रायपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वास्तुकलेवर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? मी साधा बी. ए. झालेला, केंद्र शासनाच्या सेवेत फायलींवर टिपणे लिहीत आयुष्य काढलेला मनुष्य. तथापि माझी कन्या वास्तुकलेची पदवीधर झाली आणि तिच्या पुढील शिक्षणाच्या निमित्ताने दीड वर्ष आमच्या घरात माहितीपत्रकांचा, नियमावल्यांचा आणि बँकेच्या अर्जांचा ढीग पडून राहिला. तो ढीग मी सरकारी माणसाच्या चिकाटीने वाचून काढला. त्यातून जे हाती लागले तेवढेच आपणांपुढे ठेवावे, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली.

आरंभीच एक खुलासा. मी वास्तुकला म्हणतो, वास्तुशास्त्र नव्हे. वास्तुशास्त्र म्हटले की आजकाल लोक स्वयंपाकघराची दिशा विचारू लागतात.

आपल्या देशात वास्तुकलेची पदवी पाच वर्षांची असते. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार ही मान्यताप्राप्त पदवी घेऊन परिषदेकडे नोंदणी केली की मनुष्य ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावू शकतो. नोंदणी नसताना ती उपाधी लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पुन्हा स्पष्ट केले. ह्या नोंदणीसाठी पदव्युत्तर पदवी मुळीच लागत नाही, ही गोष्ट कित्येक पालकांना ठाऊक नसते. ज्याला रायपुरात कार्यालय थाटून घरांचे नकाशे करावयाचे आहेत, त्याला कायद्याने पुढची दोन वर्षे आवश्यक नाहीत. अध्यापन करावयाचे असेल तर ती लागतात. एखाद्या विशेष शाखेत शिरावयाचे असेल तर ती उपयोगी पडतात. म्हणून कोणती संस्था, ह्या प्रश्नाच्या आधी कशासाठी, हा प्रश्न आहे. आणि तो मुलाने स्वतः सोडवावयाचा आहे. वडिलांनी नव्हे.

ह्या संदर्भात मला नेहमी आठवण होते ती अच्युत कानविंदे यांची. कोकणातील आचऱ्याचे हे गृहस्थ, जन्म १९१६ चा. मुंबईच्या जे. जे. मध्ये क्लॉड बॅटली यांच्या हाताखाली शिकले आणि १९४५ च्या सुमारास शासनाने त्यांना अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पाठविले. तेथे वॉल्टर ग्रोपियस शिकवीत होते. सारे जग हार्वर्डचे नाव घेते; पण कानविंदे केवळ त्या नावासाठी तेथे गेले नव्हते. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद तेव्हा नुकतीच, १९४२ मध्ये, स्थापन झाली होती आणि देशाला प्रयोगशाळा बांधावयाच्या होत्या. प्रयोगशाळेची इमारत कशी असावी, हा प्रश्न घेऊन ते गेले, आणि परतल्यावर त्याच परिषदेचे मुख्य वास्तुविशारद झाले. पुढे कानपूरच्या आय. आय. टी. चे संकुल त्यांनी उभे केले. मेहसाण्याची दूधसागर डेअरी पाहा. १९७० च्या दशकारंभीची ही इमारत. तिच्या छपरावर उंच उठलेल्या वायुवीजनाच्या धुराड्यांनीच तिला रूप दिले आहे. बॉस्टनच्या थंडीत शिकलेला मनुष्य गुजरातच्या उन्हाळ्यात ही इमारत बांधतो, तेव्हा संस्था दूरची की जवळची हा वाद गौण ठरतो. त्यांच्याजवळ प्रश्न होता.

बाळकृष्ण दोशी यांचा दाखला मुले हमखास देतात. पुण्यात जन्मलेले दोशी जे. जे. मधील अभ्यासक्रम अर्धवट सोडून लंडनला गेले, तेथून पॅरिसला ल कॉर्बूझिए यांच्या चित्रशाळेत दाखल झाले, १९६२ मध्ये त्यांनी अहमदाबादेत वास्तुकलेचे विद्यालय स्थापिले आणि २०१८ मध्ये त्यांना प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले. दाखला खरा आहे. परंतु पदवीवाचून नोंदणी न देणारा कायदा त्यानंतर झाला, हे दाखला देणाऱ्या चिरंजिवांनी ध्यानात ठेवावे.

आता आपल्या रायपूरकडे वळू. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि जी. ई. रोडवर पश्चिमेकडे तोंड करून काचेच्या दर्शनी भिंती उभ्या राहतात. आत दिवसभर वातानुकूलन यंत्रे घरघरत असतात. जुन्या वस्तीतील तलाव आक्रसत आहेत. शहराजवळच नवी राजधानी आकार घेते आहे. महानदीच्या काठी सिरपूरला सातव्या शतकातील विटांचे लक्ष्मण मंदिर उभे आहे. ह्यातील प्रत्येक गोष्ट ही पदव्युत्तर अभ्यासाची एकेक शाखा आहे. उन्हाचा विचार करणाराने इमारतींच्या ऊर्जावापराचा अभ्यास घ्यावा. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात त्यासाठी स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. तलावांचा विचार करणाराने भूदृश्यरचना घ्यावी, राजधानीचा विचार करणाराने नगररचना अथवा नागरी अभिकल्प, आणि सिरपूरचा विचार करणाराने वास्तुसंवर्धन. दिल्लीच्या नियोजन व वास्तुकला विद्यालयाला १९४१ पासूनची परंपरा आहे. त्याचेच भावंड २००८ मध्ये भोपाळला निघाले आणि ते आपल्याला सर्वांत सोयीचे. खरगपूर व रुरकी ह्यांची नावे आपणांस परिचित आहेतच.

केंद्र शासन संस्थांची क्रमवारी दरवर्षी प्रसिद्ध करते. मी त्याच शासनाचा सेवक असल्याने तिच्याविरुद्ध बोलणार नाही. ती अवश्य पाहावी. पण आपल्या विषयाचे अध्यापक त्या संस्थेत आज कोण आहेत, ते स्वतः शिकवितात की फक्त माहितीपत्रकात असतात, हे क्रमवारीतून कळत नाही. वास्तुकला वर्गात कमी आणि चित्रशाळेत अधिक शिकविली जाते. म्हणून शक्य झाल्यास परीक्षणाच्या दिवशी संस्थेत जावे आणि भिंतीवर लावलेली कामे पाहावीत. सगळी कामे एकाच हातची वाटली, तर तेथे अनुकरण शिकवितात असे समजावे. गेल्या तीन-चार वर्षांच्या प्रबंधांची शीर्षके मागवावीत. माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहावे. ती मुले फार मोकळेपणाने उत्तर देतात, कधी कधी पालकांना नको इतक्या मोकळेपणाने.

परदेशाविषयी दोन गोष्टी. अमेरिकेत ‘एम. आर्क.’ ह्या एकाच नावाखाली वेगवेगळे अभ्यासक्रम असतात. अन्य विषयाच्या पदवीधरांसाठी सुमारे तीन वर्षांचा असतो. ज्याने पाच वर्षांची वास्तुकलेची पदवी आधीच घेतली आहे त्याच्यासाठी एक ते दोन वर्षांचा. आपल्या मुलांनी चुकून पहिला निवडला तर शिकलेलेच पुन्हा शिकण्यासाठी वर्षभराचे शुल्क अधिक. उलट, दुसरा अभ्यासक्रम बहुधा तेथील व्यावसायिक मान्यतेच्या कक्षेबाहेर असतो. तेव्हा तेथेच परवाना काढून राहण्याचा विचार असेल तर आधी चौकशी करावी. दुसरी गोष्ट जर्मनीची. तेथे शिक्षण फुकट, असे आपल्या मंडळातही ऐकू येते. बहुतांश सरकारी विद्यापीठांपुरते ते खरे आहे. परंतु श्टुटगार्ट, कार्ल्सरूह ज्या राज्यात आहेत तेथे २०१७ पासून आपल्यासारख्या परकीयांना दर सत्रास १,५०० युरो द्यावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून त्याहून बरेच अधिक शुल्क लावले आहे.

पैशाचा विषय निघालाच आहे. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास बँका बहुधा तारण मागतात आणि आपल्या कॉलोनीत तारण म्हणजे घर. देशातील निवडक ८६० संस्थांसाठी विनातारण कर्जाची केंद्रीय योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली आहे; आपली संस्था त्या यादीत आहे का, ते पाहावे. केंद्रीय संस्थांतून ‘गेट’ उत्तीर्ण विद्यार्थ्यांना दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळत आली आहे.

आमच्या घरी काय झाले, असे काहींनी मघाशी विचारले. कन्येला परदेशातील एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले होते. माझा कल तिकडे होता, किंबहुना घराची कागदपत्रे मी लोखंडी कपाटातून काढूनही ठेवली होती. तिने त्या विद्यापीठातील अध्यापकांना लिहिले, की मला विटांच्या देवळात मुरणाऱ्या ओलीचा अभ्यास करावयाचा आहे, हे आपल्याकडे कोण शिकवील? उत्तर सौजन्यपूर्ण आणि स्पष्ट होते : आमचे काम दगडी व लाकडी वास्तूंवर आहे. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांच्याविषयी आदरच वाटतो. ती भोपाळला गेली. पहिल्या सुटीत आली ती घरी चार दिवस राहून सिरपूरला मोजमापे घ्यायला निघून गेली. तिची आई अजून म्हणते, एवढे शिकून पोरगी विटाच मोजते.

तिची मैत्रीण मात्र त्याच वर्षी झुरिकला गेली. तिला लाकडी बांधणीचे काम शिकावयाचे होते आणि ते तेथे उत्तम चालते. तिच्या वडिलांनी कर्ज काढले. मला तेही योग्य वाटले.

काही पालकांनी प्रवेशपत्रे आणि बँकेचे अर्ज बरोबर आणले आहेत, असे कार्यवाह सांगत आहेत. चहा होईपर्यंत ते येथे टेबलावर मांडावेत. आपण एकेक पाहू.