ही नस कोणाची?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागे हळदीकुंकवाला जुळ्यांवरून बोलणे निघाले, तेव्हा कोणीसे म्हणाले, "चिकटलेली जुळी होतात ती आईने ग्रहण पाळले नाही म्हणून." मला ते फार लागले. नर्स म्हणून मी पुष्कळ बाळंतपणे पाहिली आहेत. एकच गर्भ दुभंगून एकसारखी जुळी होतात. दुभंगणे उशिरा होऊन अपुरे राहिले म्हणजे मुले जोडलेली राहतात, असे बहुतेक डॉक्टर मानतात. ही गोष्ट पहिल्या दोन-अडीच आठवड्यांतली. त्या वेळी बाईला दिवस गेल्याचेही ठाऊक नसते. मग विळी धरल्याचा दोष तिला कशाला?

अशी मुले वेगळी करता येतात. २०१४ साली परळच्या वाडिया रुग्णालयात कमरेशी जोडलेल्या दोन मुली वेगळ्या केल्या. २०१७ साली दिल्लीच्या एम्समध्ये ओडिशाचे, डोक्याशी जोडलेले दोन मुलगे.

मुले माकडहाडाशी जोडलेली असली म्हणजे खरी अडचण मज्जातंतूंची. (आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि यालाही; येथे हुकूम नेणारी नस समजा.) पाय हलवणे, लघवी-शौच आवरणे या तंतूंवर चालते. दोघांचे तंतू एकमेकांत गुंतलेले, दिसायला सारखे. चुकून कापला, तर मूल जगेल, पण पाय लुळा पडेल, किंवा जन्मभर लघवी आवरणार नाही.

आपल्याकडे दोन भावांच्या वाटण्या होतात, विहीर मात्र एकच राहते. दोन मोटारींच्या वायरी गुंतल्या, तर शहाणा माणूस आधी कापीत नाही. वीज सोडून कोणाची मोटार वाजते ते बघतो. डॉक्टर तेच करतात. दोन्ही बाळांच्या पायांच्या आणि गुदद्वाराच्या स्नायूंत बारीक सुया बसवून तारा यंत्राला जोडतात. मग शंकेच्या तंतूला विजेचा अगदी हलका स्पर्श करतात. पडद्यावर ज्या बाळाची रेघ उसळली, त्याचा तो तंतू. कोणाचीच उसळली नाही, तरी लगेच कापीत नाहीत. सुई निसटली आहे का, वीज पोचते का, हे आधी पाहतात.

यात भूल देणाऱ्या डॉक्टरांची कसोटी असते. एरवी स्नायू ढिले करणारे औषध देतात. ते अंगात असले तर तंतू शाबूत असूनही पाय हलणार नाही. म्हणून त्या वेळी ते टाळावे लागते, आणि झोप मात्र पुरी ठेवावी लागते. शिवाय दोघांचे रक्त एकमेकांत मिसळत असले, तर एकाला दिलेले औषध दुसऱ्यालाही चढते.

कधी एकाच तंतूला दोन्ही बाळे उत्तर देतात. तेथे यंत्राचे काम संपते. कोणाचे उत्तर जोरकस आहे, आणि कोणाला त्या कामासाठी दुसरा तंतू आहे, हे पाहून वाटणी डॉक्टरांनाच करावी लागते. आणि असे घडू शकेल, हे आईला आदल्या दिवशीच सांगावे लागते.