छप्पर कोणाचे, ऊन कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



गच्चीवर सौर पॅनेल बसवावे की नाही, हा प्रश्न आज निगडीपासून चाकणपर्यंत घरोघर विचारला जात आहे. वरवर पाहता तो घरखर्चाचा प्रश्न आहे. म्हणून आधी हिशेबच मांडतो.

केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू केलेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, असे जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान ठरले. एका किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट, सावली न पडणारी जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. जादा वीज महावितरणच्या जाळ्यात जाऊन बिलातून वजा होते. विजेचा दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत असल्यामुळे महिना 300 युनिट वापरणाऱ्याचा खर्च काही वर्षांत भरून निघतो; 100 युनिटांच्या आत वापर असणाऱ्याचा, केवळ या अनुदानावर, फार सावकाश. शिवाय बॅटरी नसलेली ही यंत्रणा वीज गेली की बंद पडते. ती बंद पडलीच पाहिजे. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

या साऱ्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली आहे: डोक्यावरचे छप्पर आपल्या मालकीचे आहे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हा कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही उभी राहिली. आज चाकण, महाळुंगे, खराबवाडी येथील कंत्राटी कामगार भाड्याच्या खोलीत राहतो. गच्ची मालकाची, मीटर मालकाच्या नावाचे. भाडेकरूच्या वाट्याला सबमीटर आणि मालक सांगेल तो दर. अनुदान मात्र सर्वांच्या करांतून जाते, आणि कर तोही भरतो. वरच्या टप्प्यातील ग्राहकाच्या चढ्या दरातून खालच्या टप्प्याला आधार मिळतो. तो ग्राहक बाजूला झाला की वाहिन्या-रोहित्रांचा भार उरलेल्यांवर येऊ शकतो.

म्हणून पॅनेल बसवू नका, असे मी म्हणणार नाही. कोराडी-चंद्रपूरच्या कोळशावर आपले दिवे जळतात आणि राख तिथल्या माणसांच्या अंगणात पडते. छप्पर आहे त्याने गरजेपुरते पॅनेल अवश्य बसवावे. गृहनिर्माण संस्थांनी गच्ची ही सामायिक मालमत्ता मानून निर्णय सर्वसाधारण सभेत घ्यावा. जिना, लिफ्ट व पाण्याच्या पंपासाठी संस्थांनाही प्रति किलोवॅट 18,000 रुपयांची तरतूद योजनेत आहे. वरच्या मजल्याने गच्ची बळकावू नये.

आणि ज्यांना छप्परच नाही, त्यांच्यासाठी लढा मीटरपासून सुरू होतो. 2003 च्या वीज कायद्याचे कलम 43 जागेच्या मालकालाच नव्हे, भोगवटादारालाही वीजजोडणी मागण्याचा अधिकार देते. भाडेकरूच्या नावावर मीटर आले, की पालिकेच्या शाळांवर वा कारखान्यांच्या विस्तीर्ण छपरांवर तयार झालेल्या विजेचा वाटा त्याच्या बिलात जमा करा, अशी मागणी करता येईल. नावावर मीटरच नसेल, तर तो वाटा जमा करायचा कुठे?

चाकणच्या खोल्याखोल्यांत जाऊन वीजजोडणीचे अर्ज भरून घेणे, हे आपले पहिले काम आहे.